माती बदलण्याआधी कडी बदला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक ताई दोन वर्षांपासून घरी हाताने दागिने करतात. एअर ड्राय क्लेचे चार्म (बॅगेला, चावीला, ब्रेसलेटला लावायचे) आणि पुठ्ठ्यावर खण चिकटवून केलेली कानातली. यंदा श्रावणात सोसायटीच्या मंगळागौरीच्या कार्यक्रमात दीड हजार रुपये भाडं भरून त्यांनी पहिल्यांदा स्टॉल लावला. कानातल्यांची जोडी 80 रुपयांना ठेवली होती. एकूण 64 नग गेले आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्यातले 11 परत आले. पाच चार्म कडीतून सुटून पडले, तीन कानातल्यांची मागची दांडी निघाली, दोन चार्म मऊ पडले आणि त्यांचा रंग कुर्त्याला लागला, एका मुलीचा कान खाजून सुजला. जाऊबाई म्हणाल्या, मातीपुठ्ठ्याचा पोरखेळ आहे, मोठ्या बायका हे घालत नाहीत. यजमानांचं म्हणणं, साधं मटेरियल सोडून रेझिनचं (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा पारदर्शक द्रव) काम सुरू कर. त्यासाठी 12,000 रुपये बाजूला काढलेले आहेत. नवरात्रातला दुसरा स्टॉल सहा आठवड्यांवर आला आहे. ताईंनी विचारलं आहे: रेझिनकडे वळू का, परत आलेल्यांचे पैसे द्यावेत का, की हे सगळं इथेच थांबवू?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परत आलेल्या प्रत्येक नगाचं कारण तुम्ही लिहून ठेवलंत. तीच यादी पुन्हा समोर घ्या आणि प्रत्येक नगापुढे लिहा, बिघाड नेमका कुठे झाला. पाच ठिकाणी कडी उघडली. तीन ठिकाणी दांडी उखडली. म्हणजे अकरापैकी आठ दागिने जोडावर गेले. त्यांची माती, खण, रंग सगळं शाबूत होतं. दोन ठिकाणी मातीने ओल धरली आणि एका ठिकाणी धातू अंगाला लागला. आता मला सांगा, रेझिनने यातलं काय सुधारलं असतं? ओल धरलेले ते दोन, फार तर. उरलेले नऊ रेझिनचे असते तरी तुमच्या दारात परत आलेच असते. रेझिनच्या चार्मलाही तीच कडी लागते, त्याच्याही मागे तीच दांडी चिकटवावी लागते, आणि कानात जाणारा हुक तोच असतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: आत्ता नाही. त्या 12,000 मधले दोनेक हजार काढा आणि ते जोडावर खर्च करा. बाकीचे राहू द्या.

आधी कडीबद्दल बोलू, कारण पाच नग तिच्यामुळे गेले आहेत आणि हीच चूक जवळपास प्रत्येक नव्या हाताकडून होते. जंप रिंग, म्हणजे फट असलेली ही तारेची कडी, उघडताना तिची दोन टोकं डावी-उजवीकडे ओढून फाकवली, की गोलाचा आकार बिघडतो. ती पुन्हा दाबून बंद केली तरी अंडाकृती राहते आणि टोकांमध्ये बारीक फट उरते. कडी उघडायची ती पिळून. दोन पक्कडी हव्यात, चपट्या तोंडाच्या, आतून दात नसलेल्या, कारण दातांचे व्रण मुलाम्यावर उठतात. फट वरच्या बाजूला येईल अशी कडी धरा. एक टोक आपल्याकडे, दुसरं समोरच्या बाजूला ढकला. दाराची फळी उघडते तशी कडी उघडेल आणि गोल गोलच राहील. बंद करताना टोकं जागेवर आली की लगेच थांबू नका, कारण धातू थोडा मागे येतोच. टोकं एकमेकांना ओलांडून किंचित पुढे न्या, मग मागे आणा. टोकाला टोक घासल्याचा बारीक खर्र आवाज आला की नीट बसली. मग शिवणाचा साधा दोरा त्या फटीत घालून बघा. दोरा आत सरकला तर कडी बंद झालेली नाही, डोळ्यांना कितीही बंद दिसली तरी.

आता जाडी. तुमची कडी कोणत्या जाडीची आहे हे पत्रात नाही, पण सुट्या पाकिटांतून मिळणाऱ्या कड्या बऱ्याचदा 0.6 ते 0.7 मिलिमीटर तारेच्या असतात. ब्रेसलेटमधल्या हलक्या मण्याला त्या पुरतात. बॅगेला लटकणाऱ्या चार्मला पुरत नाहीत. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याहून निघालेली बॅग दादरपर्यंत किती वेळा कुणाच्या खांद्याला, दारातल्या दांड्याला घासते याचा विचार करा. प्रत्येक हिसक्याला कडी केसभर उघडते. शंभर हिसक्यांनंतर चार्म फलाटावर पडलेला असतो. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 0.6 ऐवजी 0.9 मिलिमीटर तारेची कडी घेतली तर ती वाकवायला साधारण पाचपट जड जाते. एवढ्याशा फरकाचा केवढा फायदा! चार्मसाठी बाहेरून 5 ते 6 मिलिमीटर व्यासाची, 0.9 किंवा 1 मिलिमीटर तारेची कडी घ्या, पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची. ॲल्युमिनियमच्या रंगीत कड्या दिसायला गोड असल्या तरी भार घेणाऱ्या जागी वापरू नका. बॅगेच्या आणि चावीच्या चार्मला तर जंप रिंगवर न थांबता दुहेरी फेऱ्यांची, चावीच्या जुडग्याला असते तशी छोटी कडी लावा. तिला उघडायला फटच नसते.

दुकानात गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) विचारू नका, मिलिमीटर विचारा. गेज मोजण्याच्या दोन पद्धती बाजारात चालतात आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. एका पद्धतीत 20 गेज म्हणजे 0.81 मिलिमीटर, दुसरीत 0.91. मोजायला यंत्र नसेल तर दहा कड्या एका सुईत ओवून घट्ट सरकवा आणि पट्टीने लांबी मोजा. नऊ मिलिमीटर भरली तर तार 0.9 ची. सुटे भाग ठाण्यातच जांभळी नाक्याला मिळाले तर ठीक, नाहीतर एक फेरी मुंबईत भुलेश्वरला करा. जाताना हा दहा कड्यांचा हिशेब लक्षात ठेवा आणि पाकीट उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कडी मजबूत झाली की ताण मातीवर येतो, हेही लक्षात घ्यावं लागेल. चार्मला भोक पाडलं असेल तर भोकाची कड आणि चार्मची कड यांत किमान 3 मिलिमीटर माती हवी. त्याहून बरं म्हणजे आत तार रोवणं. 0.8 मिलिमीटर तारेचा तुकडा मधोमध दुमडून वर छोटा डोळा ठेवा, खालचे दोन पाय एकमेकांभोवती तीन-चार पीळ घालून साधारण 8 मिलिमीटर ठेवा आणि ओल्या मातीत खुपसा. सरळ तार नुसती खुपसली तर वाळल्यावर ती हाताने उपसून येते, कारण माती धातूला चिकटत नाही आणि आकसताना तारेभोवती पोकळी सोडते. म्हणून माती पूर्ण वाळली की तो डोळा हलकेच पिळत बाहेर काढा, भोकात ॲराल्डाइटचा (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) थेंब सोडा आणि तार परत बसवा. एक दिवस हात लावू नका. मग प्रत्येक नव्या डिझाइनचा एक नमुना खिळ्याला अडकवा आणि त्याच्या कडीत किलोभर साखरेची पिशवी दोन मिनिटं टांगा. जो नमुना टिकेल त्याच पद्धतीने बाकीचे करा.

ही किलोची परीक्षा बॅगेच्या आणि चावीच्या चार्मसाठीच. गळ्यात घालायच्या वस्तूचा नियम उलटा आहे. लहान मुलींच्या माळेचा दोरा जोरात ओढला तर सुटला पाहिजे, नाहीतर खेळताना गळ्याला फास बसतो. तिथे ओढल्यावर उघडणारी प्लास्टिकची खिट्टी लावा. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी चार्म मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. सुटा मणी घशात अडकायला क्षण पुरतो.

आता दांड्या. परत आलेली तीन कानातली टाकून दिली नसतील अशी आशा आहे, कारण उखडलेल्या दांडीची चकती पालथी करून बघितली की चूक कळते. चकतीला कागदाचा पापुद्रा चिकटून आला असेल तर गोंद नीट काम करत होता, पुठ्ठाच फाटला. चकती स्वच्छ, चकचकीत असेल आणि गोंद पुठ्ठ्यावर राहिला असेल तर गोंदाने धातू धरलाच नाही. आणि गोंद पांढरा, काचेसारखा तडकलेला दिसला तर ते फेव्हिक्विकचं काम. फेव्हिक्विक पटकन धरतं, पण सुकल्यावर ठिसूळ होतं. कानातलं घालताना रोज मागून फिरकी दाबली जाते, तो वाकडा ताण त्याला सोसत नाही.

तुमच्या बाबतीत पहिला प्रकार असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पुठ्ठा म्हणजे कागदाचे थर, आणि घामाने वरचा थर सुटतो. खणासाठी पुठ्ठ्याऐवजी 2 मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या. गोल, चंद्रकोर, पान असे कापलेले आकार क्राफ्टच्या दुकानात मिळतात. दांडीची चकती 6 ऐवजी 10 मिलिमीटरची घ्या. चिकटायची जागा जवळजवळ पावणेतीन पट होते. एमडीएफची मागची बाजू आणि चकती, दोन्ही पॉलिश पेपरने घासा, चमक जाईपर्यंत. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि मग बोट लावू नका, बोटाचं तेल पुरेसं असतं सगळं बिघडवायला. ॲराल्डाइटचे दोन्ही भाग अगदी समान घ्या, मिनिटभर नीट घोटा, पातळ थर द्या, आणि चकती दाबल्यावर कडेने बारीक गोट बाहेर आला की ती तशीच राहू द्या. तो गोटच चकतीची कड धरून ठेवतो. आडवी ठेवून 24 तास. झटपट प्रकार दहा मिनिटांत हलवता येतो म्हणून दहा मिनिटांत पिशवीत भरू नका.

खण चिकटवताना एक काळजी. कापण्याआधी उलट्या बाजूने फेव्हिकॉल आणि पाणी समसमान करून ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या आणि मग कापा. धागे सुटत नाहीत, कात्रीही स्वच्छ चालते. आधी कोपऱ्यावर करून बघा. रेशमी खणावर जास्त ओल गेली तर पुढच्या बाजूला डाग उमटतो.

मऊ पडलेले ते दोन चार्म मात्र खरोखर मातीचे आहेत, आणि त्यात तुमच्याइतकाच श्रावणाचाही वाटा आहे. एअर ड्राय क्ले पाणी उडून वाळते. हवाच ओलीचिंब असेल तर पाणी जाणार कुठे? वरची साय वाळते, गाभा ओला राहतो, आपण वाळलं समजून रंग आणि वॉर्निश चढवतो आणि ती ओल आत कोंडली जाते. मग ती रंगाखालून वर येते, रंग सुटतो, कधी बुरशीचे ठिपके दिसतात. उलटंही होतं. माती नीट वाळलेली असते, पण वॉर्निश फक्त पुढच्या बाजूला असतं, आणि भोकाच्या आतल्या कच्च्या मातीतून ओल शिरते.

वाळलं की नाही हे बोटाला कळत नाही. वजनाला कळतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, हा खर्च पहिल्याच महिन्यात वसूल होतो. चार्म केल्यावर वजन लिहा, रोज त्याच वेळी पुन्हा करा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं म्हणजे वाळलं. उन्हाळ्यात 4 मिलिमीटर जाडीच्या चार्मला दोन दिवस लागत असतील तर पावसाळ्यात पाच लागू शकतात. जाडी 4 च्या वर नेऊ नका. जाड हवाच असेल तर आत चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलची गोळी ठेवा आणि वरून माती चढवा. ताटात न वाळवता चाळणीवर किंवा जाळीवर, पंख्याखाली ठेवा आणि दिवसातून तीनदा उलटा. उन्हात नको. बाहेरून भराभर आकसते, आतून नाही, आणि मधोमध चीर जाते. शेवटच्या दिवशी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर उरलेली ओलही निघते. नारिंगी दाण्यांचं जेल ओल प्यायलं की हिरवं होतं, मंद ओव्हनमध्ये गरम केलं की परत नारिंगी.

वॉर्निश पातळ, तीन हात, पुढे-मागे-कडेला आणि टूथपिकने भोकातही. दोन हातांमध्ये सुकायला पुरेसा वेळ. ज्या दिवशी मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी वॉर्निशला हात लावू नका. दमट हवेत लॅकरच्या प्रकारातलं वॉर्निश पांढुरकं पडतं. आणि वॉर्निशच्या जागी पारदर्शक नेलपॉलिश वापरण्याचा मोह टाळा, विशेषतः पुढे कधी पॉलिमर क्लेकडे (ओव्हनमध्ये भाजून घट्ट करायची माती) वळलात तर. नेलपॉलिशमधल्या द्रावकाने पॉलिमर क्लेचा पृष्ठभाग काही आठवड्यांनी चिकट होतो आणि मग तो कधीच सुकत नाही.

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी एक सोपा पर्याय तुमच्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो. दोन भागांची माती, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा. समान भाग घ्या, रंग एकसारखा होईपर्यंत मळा. ही पाणी उडून वाळत नाही, दोन भागांतल्या रसायनांच्या क्रियेने घट्ट होते. त्यामुळे आकसत नाही, चीर जात नाही आणि बाहेर पाऊस आहे की ऊन याची फारशी पर्वा करत नाही. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढीच मळा. थोडी महाग पडते आणि वजनदार होते, म्हणून कानातल्यांना कमी, चार्मला जास्त योग्य. जून ते सप्टेंबर ही माती आणि ऑक्टोबरपासून पुन्हा एअर ड्राय क्ले, असा ऋतूप्रमाणे धंदा बांधला तर काय हरकत आहे?

आता सुजलेला कान. अकरातला हा एकच नग आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. बाकीच्यांची वस्तू गेली, हिच्या अंगाला त्रास झाला. स्वस्त हुकांच्या मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेल असतं, आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. "जर्मन सिल्व्हर" या नावाला फसू नका. त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. लोहचुंबक लावून बघण्याची युक्तीही अर्धवट आहे. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा निकेल आहे एवढं कळतं, न चिकटल्याने निकेल नाही असं ठरत नाही. हुकाला पारदर्शक नेलपॉलिश लावणं ही आठवड्याची सोय झाली, घासून जाते.

कानातून आरपार जाणारा भाग 316एल या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. त्यातही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्याने अंगावर फारच कमी उतरतं, आणि बहुतेकांना चालतं. ज्यांना अगदीच सोसत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियमचे हुक थोडे ठेवा. किंवा सराफाकडून 92.5 चांदीचे साधे हुक आणून ठेवा आणि वेगळी किंमत घेऊन तिथल्या तिथे बदलून द्या. आपल्याकडे चांदीच्या हुकाला जास्त पैसे द्यायला कोणी कुरकुर करत नाही. त्या मुलीचे पैसे आजच परत करा, ते कानातलं पुन्हा घालू नको म्हणून सांगा, आणि सूज उतरली नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. तेल-हळद लावून बघ, असं सुचवू नका.

इथवर आल्यावर जाऊबाईंच्या बोलण्याकडे वळते. ते तुम्हाला लागलं आहे, हे पत्रात दिसतं. पण त्या वाक्यात दडलेली गोष्ट तुम्हीही मनात खरी धरून बसलात असं मला वाटतं: साध्या वस्तूचा दागिना तो हलका दागिना. संक्रांतीला नव्या सुनेला आपण काय घालतो? हलव्याचे दागिने. साखरेचा काटा फुललेले दाणे, दोरा आणि पुठ्ठा. मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, सगळं साखरेचं, आणि काळ्या साडीवर ते ल्यालेल्या मुलीला कोणी पोरखेळ म्हणत नाही. बाळाच्या बोरन्हाणालाही तेच. तो दागिना एका दिवसाचा आहे हे घालणारीला ठाऊक असतं, म्हणून तो विरघळला तरी फसवणूक होत नाही. तुमच्या चार्मचं दुखणं माती असण्यात नव्हतं. तो किती दिवसांचा आहे, पाण्याला चालतो की नाही, हे घेणारीला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक नगाबरोबर दोन ओळींची चिठ्ठी द्या: कशाचा आहे, हुक कोणत्या धातूचा, पाण्यात आणि परफ्यूमखाली नको, कडी सैल झाली तर फुकट आवळून मिळेल.

याच समजुतीने तुमची किंमतही खाल्ली आहे. 80 रुपये जोडी कशी ठरवलीत? खण, पुठ्ठा, हुक यांचा खर्च जोडून वर थोडं घातलं असणार. मी एक अंदाजी हिशेब मांडते, आकडे तुमचे घाला. खण-पुठ्ठा-गोंद 12 रुपये, चांगले हुक आणि कड्या 14, कार्ड आणि पिशवी 6. झाले 32. दहा जोड्यांच्या घाण्याला हातचे चार तास लागले तर जोडीला 24 मिनिटं, आणि तासाचे अवघे 80 रुपये धरले तरी आणखी 32. स्टॉलचं भाडं 1,500, साठ नग जातील असं धरलं तर नगाला 25. बेरीज 89. दहात एक बिघडतो म्हणून वर 9. झाले 98. म्हणजे 80 ला विकलेल्या प्रत्येक जोडीत तुम्ही 18 रुपये आणि घरच्यांची झोप घातली. 150 ला ठेवा. काही जणी पुढे जातील. पण चांगला हुक, एमडीएफ आणि 24 तासांचं ॲराल्डाइट 80 रुपयांत बसत नाही, आणि ते न वापरता विकलं की पुन्हा तेच अकरा.

रेझिनला माझा विरोध नाही. फुलं, पाकळ्या, पारदर्शकपणा हे मातीत येत नाही, आणि त्याची ओढ असेल तर जरूर करा. फक्त डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत सुरू करा. दमट दिवसांत वर चिकट, मेणचट पापुद्रा येतो आणि नवशिक्याला वाटतं आपलं प्रमाण चुकलं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळा. काही प्रकार वजनाने मोजायचे असतात, काही मापाने, आणि दोन्हींत घोळ झाला की ते कधीच घट्ट होत नाही. जास्त हार्डनर घातल्याने लवकर सुकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. हातमोजे, उघडी खिडकी, स्वयंपाकाचा ओटा नाही, मूल झोपतं ती खोली नाही. न सुकलेलं रेझिन वरचेवर कातडीला लागलं तर त्याचीही ॲलर्जी जडते. छोटा संच घ्या, पाच-सहा चार्म करा आणि मग ठरवा. 12,000 एकदम घालू नका.

थांबवावं का, असं विचारलंत. 64 मधले 11 म्हणजे सुमारे सहातला एक, आणि हे प्रमाण जास्तच आहे, ते गोड करून सांगत नाही. ज्यांनी काही न बोलता ड्रॉवरमध्ये टाकून दिलं असेल त्या वेगळ्याच. पण अकरांपैकी आठ चुका दोन पक्कडी आणि एका दिवसाच्या धीराने दुरुस्त होतात. एवढ्यासाठी दोन वर्षांचा हात सोडून देऊ नका.

पैशांचं असं करा. कडी सुटलेल्या पाच जणींना नवी जाड कडी लावून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. चार्मच हरवला असेल तर तसाच दुसरा. दांडी निघालेल्या तिघींना विचारा, दुरुस्ती हवी की पैसे. मऊ पडलेल्या दोघींचे पैसे परत, आणि कुर्त्याचा डाग निघत नसेल तर धुलाईचेही विचारा. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांनाही सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाका: श्रावणात घेतलेल्या चार्मची कडी फुकट बदलून मिळेल. थोड्या येतील, आणि त्याच बहुतेक नवरात्रातही येतील.

सहा आठवड्यांत सगळे नमुने करायला जाऊ नका. पाच-सहा डिझाइन ठरवा, पहिला आठवडा फक्त साखरेच्या पिशवीच्या परीक्षेला द्या, घट बसण्याच्या दहा दिवस आधी मातीकाम बंद करा, म्हणजे शेवटचं वॉर्निश घाईत होणार नाही. रोजच्या नवरात्री रंगांची खणाची कानातली नऊही रंगांत करायचा मोह होईल. चारच रंग करा, जे साडीवर एरवीही चालतात, नाहीतर दसऱ्यानंतर डबाभर माल उरतो.

आणि स्टॉलवर त्या दोन पक्कडी पिशवीत ठेवू नका. टेबलावर, कड्यांच्या डबीशेजारी, दिसतील अशा ठेवा. कोणी बॅगेला चार्म लावून बघायला मागितला तर तिथेच कडी पिळून उघडा, लावा, बंद करा आणि दोरा घालून दाखवा.